मेंदूच्या गाठींवरील संशोधन: रुग्णांची माहिती सर्वत्र एकसारखी नोंदवायची कशी?

"ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. गाठ पूर्ण काढली. तीन महिन्यांनी पुन्हा वाढ."

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची अतिशय आक्रमक गाठ, आणि ग्रेड ४ ही आक्रमकतेची सर्वांत वरची पायरी. रुग्णाच्या फाइलमधल्या या ओळीवर उपचारापुरते भागते, कारण तिथे रुग्ण समोर असतो, एमआरआय हाताशी असतो आणि शंका आली तर सर्जनला विचारता येते. संशोधनात हीच ओळ एकटी पुढे जाते. काही वर्षांनी ती पाच केंद्रांच्या तक्त्यांत मिसळते आणि वाचणाऱ्यापुढे प्रश्न उभे राहतात. निदान कोणत्या वर्षीच्या वर्गीकरणाप्रमाणे केले? गाठ पूर्ण निघाली हे सर्जनने डोळ्यांनी ठरवले की नंतरच्या एमआरआयने? तीन महिने मोजले ते शस्त्रक्रियेपासून की रेडिएशन संपल्यापासून? आणि ती वाढ खरी होती की रेडिएशनमुळे आलेली सूज?

या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच सूत्रावर उभ्या आहेत. निष्कर्ष लिहा, पण तो ज्या निरीक्षणावर आधारला आहे ते निरीक्षण, त्याची तारीख आणि त्याची पद्धत शेजारी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मेंदूच्या गाठींची नावे आणि निकष गेल्या पंधरा-वीस वर्षांत अनेकदा बदलले आहेत. मूळ निरीक्षण जपलेले असेल तर जुना रुग्ण नव्या निकषात बसवता येतो. ते नसेल तर त्या रुग्णाने संशोधनासाठी दिलेले सगळे वाया जाते, आणि मला ती हानी फार मोठी वाटते.

पायरी १: आधी प्रश्न, मग रकाने

नैतिकता समितीची मंजुरी आणि संमतीपत्र हे अर्थातच सर्वांत आधी. त्यानंतर एका कागदावर संशोधनाचे प्रश्न लिहा आणि प्रत्येक रकान्यापुढे तो कोणत्या प्रश्नाला लागतो ते लिहा. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो रकाना काढून टाका. पहिल्या मसुद्यात प्रत्येक विभाग आपापली यादी आणतो, फॉर्म शेकडो रकान्यांचा होतो आणि शेवटी अर्धा कोरा राहतो. सर्व केंद्रांनी भरायचाच असा छोटा गाभा ठेवा आणि बाकीचे जोडपत्रात टाका.

मग माहितीकोश तयार करा. प्रत्येक रकान्याचे नाव, व्याख्या, मान्य उत्तरे, एकक, माहितीचा स्रोत आणि ती कोणी व केव्हा भरायची, हे त्यात हवे. एक नमुना असा: "शस्त्रक्रियेपूर्वीचा कार्नोफ्स्की गुण (रुग्ण रोजचे व्यवहार किती करू शकतो याचा गुण). शस्त्रक्रियेच्या आधीच्या ७ दिवसांतला सर्वांत अलीकडचा. ० ते १००, दहाच्या पटीत. डॉक्टरांनी तपासून लिहिलेला. फाइल वाचून नंतर अंदाजाने ठरवला असल्यास शेजारच्या रकान्यात तशी खूण करावी." इतके लिहायला वेळ लागतो. पण हे लिहिले नाही तर भरणारा प्रत्येक जण आपली व्याख्या मनात घेऊन बसतो.

पायरी २: घड्याळ कोणत्या दिवशी सुरू होते?

रुग्ण किती महिने जगला, हा मेंदूच्या गाठींच्या अभ्यासातला सर्वांत मोठा आकडा. तो कोणत्या दिवसापासून मोजायचा यावर मात्र फार थोडे लक्ष दिले जाते.

समजा, एका रुग्णाची शस्त्रक्रिया ३ जानेवारीला झाली, पॅथॉलॉजीचा अहवाल १७ जानेवारीला आला आणि रेडिएशन ७ फेब्रुवारीला सुरू झाले. एक केंद्र शस्त्रक्रियेपासून मोजते, दुसरे रेडिएशनपासून. एकाच रुग्णाचे आयुष्य कागदावर ३५ दिवसांनी कमी-जास्त होते. हे किरकोळ वाटत असेल तर २००५ साली प्रसिद्ध झालेली टेमोझोलोमाइडची मोठी चाचणी आठवा. रेडिएशनला या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) १२.१ महिन्यांवरून १४.६ महिने झाले, आणि ग्लायोब्लास्टोमाचा उपचार जगभर बदलला. तो फरक अडीच महिन्यांचा होता. नुसत्या व्याख्येच्या गोंधळातून त्याच्या निम्म्याच्या आसपास फरक आपोआप निर्माण होतो.

दुसरा धोका याहून छुपा आहे. रुग्णांची नोंद रेडिएशन विभागात केली आणि आयुर्मान मात्र शस्त्रक्रियेपासून मोजले, तर मधल्या पाच आठवड्यांत दगावलेले रुग्ण यादीत येतच नाहीत. उरलेल्यांच्या खात्यात ते आठवडे फुकट जमा होतात आणि उपचार आहे त्यापेक्षा गुणकारी दिसतो.

म्हणून एकच 'निदानाची तारीख' ठेवू नका. पहिला संशयास्पद एमआरआय, ऊतीचा नमुना घेतल्याचा दिवस, पॅथॉलॉजी अहवालाचा दिवस, रेडिएशनचा पहिला आणि शेवटचा दिवस, आणि रुग्णाची अभ्यासात नोंद झाली तो दिवस, अशा सगळ्या तारखा वेगवेगळ्या घ्या. मोजणी कुठून करायची हे विश्लेषणाच्या आराखड्यात आधीच लिहून ठेवा. तारखा वर्ष-महिना-दिवस या एकाच क्रमाने लिहा. नुसता महिना माहीत असेल तर १ किंवा १५ तारीख गुपचूप टाकू नका. तारीख किती अचूक आहे हे सांगणारा छोटा रकाना जोडा.

पायरी ३: निदान

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २००७ साली ग्लायोमांचे (मेंदूतल्या आधारपेशींसारख्या पेशींच्या गाठींचे, ग्लायोब्लास्टोमा त्यांतलाच) निदान मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात यावर ठरत असे. २०१६ च्या आवृत्तीत जनुकीय बदल निदानाचा भाग झाले. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीने आणखी पुढे जाऊन 'ग्लायोब्लास्टोमा' हे नाव प्रौढांमधल्या, आयडीएच जनुकात बदल नसलेल्या गाठींपुरतेच ठेवले. २०१६ मध्ये जिला 'आयडीएच-बदल असलेला ग्लायोब्लास्टोमा' म्हणत, ती आता 'आयडीएच-बदल असलेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड ४' आहे. या दोन आजारांच्या रुग्णांचे आयुर्मान खूप वेगळे असते. जुन्या यादीतले 'ग्लायोब्लास्टोमा' आणि नव्या यादीतले 'ग्लायोब्लास्टोमा' एकत्र केले, तर दोन वेगळे आजार एका सरासरीत मिसळतात.

उलट दिशेनेही बदल झाला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कमी आक्रमक दिसणारा, आयडीएच-बदल नसलेला प्रौढाचा पसरट अ‍ॅस्ट्रोसायटोमा आता ग्लायोब्लास्टोमा ठरू शकतो. त्यासाठी टीईआरटी जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातला) बदल, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती, किंवा सातवे गुणसूत्र वाढून दहावे गमावलेले, यांपैकी एक पुरते. आयडीएच-बदल असलेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात सीडीकेएन२ए/बी जनुकांच्या दोन्ही प्रती गेल्या असतील तर ग्रेड ४ ठरतो, पेशी कशाही दिसोत.

म्हणून निदान चार थरांत नोंदवा: सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र, ग्रेड, प्रत्येक जनुकीय चाचणीचा निकाल, आणि या सगळ्यांवरून काढलेले एकत्रित निदान. सोबत वर्गीकरणाची आवृत्ती हा सक्तीचा रकाना ठेवा. पाचव्या आवृत्तीने ग्रेडसाठी रोमन आकडे सोडले आहेत, तेव्हा फॉर्ममध्ये १ ते ४ एवढीच निवड द्या.

जनुकीय चाचण्यांबाबत 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' एवढ्यावर थांबू नका. आयडीएचसाठी नेहमी वापरली जाणारी रंजक चाचणी (ऊतीच्या कापावर प्रतिपिंडाने रंग आणणारी) फक्त आर१३२एच हा एकच बदल ओळखते. तो सर्वांत जास्त आढळतो, पण एकमेव नाही. रंजक चाचणी निगेटिव्ह आणि सीक्वेन्सिंगमध्ये (जनुकाचा अक्षरक्रम थेट वाचण्यात) बदल नाही, या दोन वेगळ्या माहिती आहेत. पंचावन्न वर्षांखालच्या रुग्णांत हा फरक विशेष महत्त्वाचा, कारण त्यांच्यात रंजक चाचणी निगेटिव्ह आली तर सीक्वेन्सिंग करावे असे मार्गदर्शन आहे. १पी/१९क्यू तपासणीत (पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्राची एकेक भुजा गेली का हे पाहण्यात) फिश या चमकत्या खुणा वापरणाऱ्या पद्धतीला गुणसूत्राची अख्खी भुजा गेली की तिचा तुकडाच गेला, हे नीट सांगता येत नाही. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या दुसऱ्या प्रकारच्या ग्लायोमाच्या निदानासाठी अख्ख्या भुजा गेलेल्या असाव्या लागतात. एमजीएमटी जनुकाच्या प्रमोटरचे मिथायलेशन (त्यावरचे रासायनिक कुलूप, ज्यावरून टेमोझोलोमाइडचा उपयोग किती होईल याचा अंदाज येतो) कोणत्या पद्धतीने पाहिले आणि कुठल्या टक्क्याच्या वर 'मिथायलेटेड' धरले, हे प्रयोगशाळेगणिक बदलते. टक्केवारी मिळत असेल तर ती जशीच्या तशी घ्या, मर्यादा नंतरही लावता येते.

गाठीच्या जागेसाठी कर्करोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले कोड वापरा. फ्रंटल लोब सी७१.१, टेम्पोरल सी७१.२, परायटल सी७१.३, ऑक्सिपिटल सी७१.४, आणि एकाहून अधिक भागांत पसरलेली गाठ सी७१.८. डावी-उजवी बाजू स्वतंत्र रकान्यात घ्या आणि शस्त्रक्रियेच्या टिपणाशी पडताळा. रेडिओलॉजीच्या प्रथेप्रमाणे रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे दिसते, तर संशोधनाची काही सॉफ्टवेअर उलट दाखवतात. नुसते चित्र पाहून भरलेल्या बाजूवर विश्वास ठेवू नका.

पायरी ४: शस्त्रक्रिया

'पूर्ण काढली', 'जवळजवळ पूर्ण', 'अंशतः' हे शब्द प्रत्येक सर्जन वेगवेगळ्या अर्थाने वापरतो. सर्जनचे मत घ्या, पण वेगळ्या रकान्यात. मोजणी एमआरआयवर करा: शस्त्रक्रियेपूर्वी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेले, चित्रात गाठ उजळवणारे द्रव्य) घेणाऱ्या भागाचे आकारमान, शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या तशाच भागाचे आकारमान आणि कॉन्ट्रास्ट न घेणाऱ्या उरलेल्या भागाचे आकारमान, सगळी घनसेंटिमीटरमध्ये. नुसती टक्केवारी नोंदवू नका. ९५ टक्के काढल्यावर लहान गाठीत थोडेसे उरते, मोठ्या गाठीत बरेच. टक्केवारी आकारमानांवरून केव्हाही काढता येते, टक्केवारीवरून आकारमान परत मिळत नाही.

नंतरचा एमआरआय शस्त्रक्रियेपासून ४८ तासांत, फार तर ७२ तासांत झालेला हवा. त्यापुढे जखमेच्या कडाही कॉन्ट्रास्ट घेऊ लागतात आणि उरलेली गाठ कुठली हे सांगणे अवघड होते. तारीख-वेळ असेल तर वाचणारा स्वतः ठरवू शकतो. याच तपासणीत डिफ्युजनचे (ऊतीत पाण्याचे कण किती हलतात हे दाखवणारे) चित्र असेल तर त्याची नोंद करा. शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा तुटलेला भाग काही आठवड्यांनी कॉन्ट्रास्ट घेतो आणि गाठ परत आल्याचा भास होतो. पहिल्या दिवसांतले डिफ्युजनचे चित्र हा संशय दूर करते.

पायरी ५: रुग्णाची प्रकृती आणि स्टेरॉइड

कार्नोफ्स्की आणि ईसीओजी (० ते ५ अशा कमी पायऱ्यांची) यांपैकी एक मोजपट्टी निवडा आणि सर्व केंद्रांत तीच वापरा. कार्नोफ्स्कीवरून ईसीओजी साधारण ठरवता येतो, पण उलट प्रवासात बारकावा हरवतो. कार्नोफ्स्कीच्या ७० आणि ६० यांमधली रेघ अनेक चाचण्यांत प्रवेश ठरवते. ७० म्हणजे स्वतःचे सगळे स्वतः करतो पण नेहमीचे काम करू शकत नाही, ६० म्हणजे अधूनमधून मदत लागते. भरणाऱ्यांना हा फरक उदाहरणांसह शिकवा. लहान मुलांसाठी लॅन्स्की मोजपट्टी वेगळी आहे, ती मोठ्यांच्या रकान्यात घुसवू नका.

स्टेरॉइडची नोंद फार वेळा सुटते. डेक्सामेथासोन मेंदूतली सूज कमी करते, त्यामुळे एमआरआय सुधारलेला दिसू शकतो आणि रुग्णालाही बरे वाटते. प्रत्येक एमआरआयच्या दिवशी रुग्ण कोणते स्टेरॉइड, रोज किती मिलिग्रॅम घेत होता हे लिहा. औषध वेगळे असेल तर मूळ नाव आणि मात्रा लिहून रूपांतर संगणकावर सोडा. ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, असे प्रमाण धरले जाते. आकडीची औषधेही घ्या, सुरू-बंद तारखांसह.

पायरी ६: एमआरआय

२०१५ मध्ये मेंदूच्या गाठींच्या चाचण्यांसाठी एमआरआयची सामाईक पद्धत मांडली गेली. कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर सारख्याच मापांची त्रिमितीय टी१ चित्रे, दीड मिलिमीटरपर्यंतच्या जाडीची, शिवाय टी२, फ्लेअर आणि डिफ्युजन (हे सगळे एमआरआय चित्रांचे प्रकार), असा तिचा गाभा आहे. तुमच्या केंद्रात हे सगळे जमत नसेल तर जे झाले ते प्रामाणिकपणे नोंदवा: यंत्राची चुंबकशक्ती, कापांची जाडी, कॉन्ट्रास्टचे प्रमाण. मूळ डायकॉम फाइली (यंत्रातून निघणाऱ्या मूळ स्वरूपातल्या चित्रफाइली) जपा. पडद्याचे फोटो आणि छापलेल्या फिल्म पुन्हा मोजता येत नाहीत.

पायरी ७: उपचार, ठरलेला आणि झालेला

ग्लायोब्लास्टोमात साधारणपणे ६० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) रेडिएशन ३० भागांत दिले जाते, सोबत रोज टेमोझोलोमाइड, शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे ७५ मिलिग्रॅम. नंतर दर २८ दिवसांत ५ दिवस १५० ते २०० मिलिग्रॅम, सहा फेऱ्यांपर्यंत. हा झाला आराखडा. फाइलमध्ये बहुधा आराखडाच सापडतो आणि तोच रकान्यात जातो. प्रत्यक्षात किती भाग पूर्ण झाले, मध्ये किती दिवस खंड पडला, प्रत्येक फेरीत मात्रा किती होती, आणि औषध का थांबले (वाढ, दुष्परिणाम, रुग्णाची इच्छा की ठरलेला कोर्स पूर्ण) हे वेगळे विचारा. दुष्परिणामांसाठी सीटीसीएई या तीव्रता मोजणाऱ्या मोजपट्टीच्या आवृत्ती ५.० चे १ ते ५ ग्रेड वापरा आणि आवृत्ती लिहा.

पायरी ८: गाठ वाढली, हे कोणी आणि कसे ठरवले

गाठ वाढली की घटली हे ठरवायला १९९० मध्ये मॅकडोनाल्ड निकष आले, २०१० मध्ये रानो आणि २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, रानो २.०. कोणता निकष लावला हे लिहिल्याशिवाय 'वाढ' या शब्दाला संशोधनात अर्थ नाही.

द्विमितीय मोजणीत गाठीचा सर्वांत मोठा व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास यांचा गुणाकार घेतात. आजवरच्या सर्वांत लहान मापापेक्षा गुणाकार २५ टक्के किंवा अधिक वाढला की वाढ, आणि उपचारापूर्वीच्या मापापेक्षा ५० टक्के किंवा अधिक घटला की अंशतः प्रतिसाद. आता २० बाय २० मिलिमीटरची गाठ घ्या: गुणाकार ४००. दुसऱ्या मोजणाऱ्याने दोन्ही व्यास २२.५ मोजले तर ५०६. अडीच मिलिमीटरच्या फरकाने स्थिर असलेला रुग्ण 'वाढ' या गटात जातो, आणि त्याचे औषध बदलू शकते. म्हणून दोन्ही व्यास लिहा, कोणत्या कापावर मोजले त्याचा क्रमांक लिहा, मोजणाऱ्याचा संकेतांक लिहा, आणि तुलना कोणत्या तारखेच्या एमआरआयशी केली तेही लिहा. टक्केवारी संगणकाला काढू द्या.

रेडिएशन संपल्यावर पहिल्या १२ आठवड्यांत कॉन्ट्रास्ट घेणारा भाग वाढलेला दिसला तरी ती अनेकदा उपचाराचीच प्रतिक्रिया असते आणि पुढे आपोआप ओसरते. २०१० च्या रानोप्रमाणे या काळात खरी वाढ म्हणायची तर नवा भाग रेडिएशनच्या ८० टक्के मात्रा पोचलेल्या भागाच्या रेषेबाहेर हवा किंवा ऊतीच्या तपासणीचा पुरावा हवा. रानो २.० मध्ये तुलनेचा पाया रेडिएशननंतरचा एमआरआय धरला आहे. दोन्ही निकषांना लागणारी माहिती एकदमच गोळा करा: वाढीचा पहिला संशय आलेली तारीख, ती पक्की ठरली ती तारीख, ठरवण्याचा आधार (पुढचा एमआरआय, बायोप्सी की रुग्णाची खालावलेली स्थिती), आणि त्या दिवशीची स्टेरॉइडची मात्रा. केवळ स्टेरॉइड वाढवले म्हणून वाढ ठरवायची नसते, आणि स्टेरॉइड वाढलेले असताना दिसलेली सुधारणा प्रतिसाद म्हणून धरायची नसते.

पायरी ९: शेवटची भेट आणि कोरे रकाने

रुग्ण हयात आहे असे ज्या दिवशी प्रत्यक्ष कळले ती तारीख लिहा. तक्ता बंद केल्याचा दिवस त्या जागी टाकला तर संपर्क तुटलेले सगळे रुग्ण जिवंत ठरतात. मृत्यूची तारीख कुठून कळली, नातेवाईकांकडून की दाखल्यावरून, हेही नोंदवा. हे विचारायला फोन करताना समोर दुःखात असलेले माणूस आहे. तो कोणी आणि कोणत्या शब्दांत करायचा, हे माहितीकोशातच लिहून ठेवावे असे मला वाटते.

कोरा रकाना कधीच राहू देऊ नका. 'चाचणी झाली नाही', 'झाली, अहवाल हाती नाही', 'झाली, निकाल अनिर्णित' आणि 'लागू नाही' ही चार वेगळी उत्तरे आहेत. एमजीएमटी तपासणी झाली नाही, कारण नमुना फारच लहान होता, हे कळणेही माहितीच आहे. शून्य किंवा ९९ असे आकडे यासाठी वापरू नका. ते एक दिवस सरासरीत शिरतात.

पायरी १०: फॉर्म, तपासण्या आणि चाचणी-फेरी

माहिती एक्सेलमध्ये गोळा करण्याचा मोह टाळा. ते काही नोंदी, जसे काही जनुकांची नावे, आपोआप तारखांत बदलते. या त्रासामुळे जनुकांची अधिकृत नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली. व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये सुरू झालेली रेडकॅप ही प्रणाली ना-नफा संस्थांना मोफत मिळते आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवते.

फॉर्ममध्ये तपासण्या घाला. मृत्यूची तारीख शेवटच्या भेटीच्या आधीची नको, कार्नोफ्स्की दहाच्या पटीत हवा, ऑलिगोडेंड्रोग्लायोमापुढे 'आयडीएच-बदल नाही' आले (या निदानात तो असायलाच हवा) तर इशारा हवा. मात्र इशारा आला तरी माहिती साठवता यायला हवी, कारणासह. सक्तीने अडवले की माणसे फॉर्म पुढे ढकलण्यासाठी खोटे उत्तर निवडतात.

मग २० फाइली घ्या आणि दोघांना एकमेकांचे न पाहता भरू द्या. जुळणी रकान्यानुसार पाहा, निव्वळ टक्क्यांऐवजी कोहेनच्या कापा निर्देशांकाने, कारण योगायोगाने जुळलेली उत्तरे तो वगळतो. जिथे कापा ०.६ च्या खाली आला तिथे माहितीकोशातली व्याख्या पुन्हा लिहा. भरणाऱ्याला दोष देऊ नका, बहुतेक वेळा वाक्यच दुहेरी अर्थाचे असते. ही फेरी दर वर्षी आणि कर्मचारी बदलला की पुन्हा करा.

पायरी ११: ओळख झाकणे

नाव आणि नोंदणी क्रमांक काढले की काम झाले असे समजू नका. डोक्याच्या त्रिमितीय एमआरआयवरून रुग्णाचा चेहरा उभा करता येतो, म्हणून फाइली बाहेर देण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसणारे सॉफ्टवेअर वापरा. पुसताना कपाळामागची किंवा कवटीच्या तळाची गाठ कापली गेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. काही चित्रांवर नाव थेट छापलेले असते, तेही शोधा. तारखा सरकवायच्या असतील तर एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा, म्हणजे अंतरे टिकतात.

पायरी १२: वर्गीकरण पुन्हा बदलेल तेव्हा

माहितीकोशाला आवृत्ती क्रमांक द्या आणि प्रत्येक नोंदीवर तो उमटू द्या. नवे वर्गीकरण आले की जुना निदानाचा रकाना खोडू नका. शेजारी 'नव्या आवृत्तीनुसार काढलेले निदान' असा रकाना जोडा आणि तो जतन केलेल्या चाचण्यांच्या निकालांवरून ठरावीक नियमाने भरा. नियम लिहून ठेवा, म्हणजे दुसरे केंद्र तोच लावेल. ज्या रुग्णांचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले ऊतीचे नमुने) उपलब्ध आहेत आणि संमती आहे, त्यांच्या उरलेल्या चाचण्या करता येतील. त्यासाठी ब्लॉकचा क्रमांक पहिल्या दिवसापासून नोंदवलेला हवा. ज्यांच्या बाबतीत तेही शक्य नाही, त्यांना जवळच्या नावात ढकलू नका. माहिती अपुरी असल्याचे सांगणारी एनओएस ही जोड जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठीच दिलेली आहे. त्यांच्या निदानापुढे ती लावा आणि कोणती चाचणी राहिली आहे ते शेजारी लिहा.